आधी रुंद माप

"टाच कशी चपखल बसलीय बघा, मॅडम. पुढचं काय, वापरून सैल होईल," दुकानदार म्हणाला.

टेलरबाईंनी बूट काढून त्याच्या हातात दिला. वापरून सैल होणाऱ्या बुटांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. घरी पलंगाखाली असल्या बुटांची रांग लागली होती. त्यांतला एकही सैल झाला नव्हता, बोटांची सालटं मात्र निघाली होती.

पायच तसे होते. टाच लहान मुलीची वाटावी इतकी अरुंद आणि पंजा हा असा पसरलेला. माहेरी त्यांना लाडाने ‘फावडी’ म्हणत, आणि हे लाड लग्नानंतर सासरीही येऊन पोचले होते. टेलरबाई स्वतःही हसायच्या. आज मात्र हसू येत नव्हतं. रविवारी शर्यत होती. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेतच त्या बूट हातात घेऊन लंगडायला लागल्या होत्या, आणि पुढे गेलेली धाकटी नणंद आपली शर्यत सोडून त्यांच्यासाठी मागे आली होती. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. आज बूट मिळाले तर धावायचं, नाहीतर छातीवर लावायचा नंबर परत करून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच त्या घरातून निघाल्या होत्या.

तीच नणंद आता शेजारच्या स्टुलावर बसून खोकी उघडत होती.

"वहिनी, हा निळा बघ ना."

"रंगाचं काय घेऊन बसलीस गं? आधी आत पाय तर जाऊ दे."

निळ्यात पाय गेला नाही. करड्यात गेला, पण करंगळी मुडपून. शेवटी दुकानदार पुरुषांच्या कपाटाकडे गेला आणि रुंद पंजाचा एक काळा जोड घेऊन आला. दिसायला अगदीच ओबडधोबड. टेलरबाईंनी तोंड वाकडं करत त्यात पाय घातला आणि आतल्या आत बोटं हलवून पाहिली. पाची बोटं सुटी सुटी झाली होती. कुणी कुणाच्या अंगावर नाही.

त्या हरखून उठल्या, एक पाऊल टाकलं, आणि टाच सुळकन बाहेर आली.

"राहू दे." त्या मटकन खाली बसल्या. "माझे पायच वाकडे. बुटांनी तरी काय करावं?"

नणंदेला ते ऐकवेना. सुटलेल्या पोटाच्या, एक खांदा उतरलेल्या कितीतरी बायका वहिनीकडे कपडे शिवून घ्यायला येत. त्यांतल्या कुणी स्वतःच्या अंगाला नावं ठेवलीच, तर वहिनी तिला चांगली झापायची. पण हे बोलून दाखवण्याची ही वेळ नव्हती. ती खोक्यांना झाकणं लावू लागली.

टेलरबाई बूट काढायला वाकल्या. टाचेमागे चांगली बोटभर फट पडली होती. सवयीने त्यांची दोन बोटं तिथं गेली आणि बुटाची ती ढिलाई त्यांनी चिमटीत धरली, गिऱ्हाईक बाईच्या कमरेवर सैल कापड धरायच्या तशीच. आणि त्या तशाच वाकून राहिल्या.

"काय झालं? उसण भरली का?" नणंद घाबरली.

"अगं, मी इतकी वर्षं टाचेच्या मापाने कापतेय!"

"काय कापतेयस?"

"अंगाने भरलेली, कमरेने बारीक बाई आली, तर मी कमरेच्या मापाने ब्लाउज कापीन का? जीव गुदमरेल तिचा! आधी रुंद माप घ्यायचं आणि उरेल ते आत घ्यायचं. जगाला हेच सांगते, आणि स्वतःच्या पायांपाशी माझी अक्कल गेली चरायला!"

त्यांनी बुटाची नाडी सबंध उपसून काढली. दुकानदार "अहो, अहो" करत राहिला. खालच्या भोकांतून त्यांनी नाडी ढिलीच ओवली, पंजाला मोकळं वाटेल अशी. घोट्यापाशी आल्यावर मात्र हाताला वेग आला. दोन्ही काठांना अगदी वर एकेक जास्तीचं भोक होतं. नाडी त्यातून घालून त्यांनी दोन्हीकडे छोटे फासे ठेवले, प्रत्येक टोक समोरच्या फाशातून काढलं आणि दोन्ही खसकन ओढली. टाचेमागची फट मिटली.

"मला वाटायचं, ती भोकं शोभेची असतात," दुकानदार म्हणाला.

दुसरा बूटही तसाच बांधून त्या उठल्या. चालून पाहिलं. टाच जागची हलली नाही. जागच्या जागी उड्या मारल्या, तरी नाही. मग कुणाला काही कळायच्या आत काचेचं दार ढकलून त्या रस्त्यावर होत्या.

"मॅडम! बूट अजून आमचे आहेत!"

दुकानदार आणि नणंद फुटपाथवर धावले, तोवर टेलरबाई औषधांच्या दुकानावरून कोपऱ्याला वळून दिसेनाशा झाल्या होत्या.

"येतील ना?" दुकानदाराने विचारलं.

"येईल हो," नणंद म्हणाली. पण तिलाही तितकीशी खात्री नव्हती.

बऱ्याच वेळाने त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाने उगवल्या. सगळ्या इमारतींना वळसा घालून आल्या होत्या. केस सुटलेले, तोंड लालबुंद, आणि शिवणकामावरून उठताना गळ्यात तशीच राहिलेली मापाची टेप मागे फडफडत होती. इतकं खूश त्यांना नणंदेने कधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, कसे आहेत बूट?" ती ओरडली.

टेलरबाई थांबल्या नाहीत. दोघांच्या समोरून सुसाट जाताना त्यांनी फक्त हात उंच केला.

"रविवारी मागे वळून बघू नकोस गं! मी तिथं नसेन!"