बाईंचा ओरडा

‘बाई, कर्णा मुका झाला,’ होडीत बाबल्या म्हणाला. ‘ध्वनिमुद्रण पार पुसलं गेलंय. आता पिल्लं कशी परतायची?’

बेटाभोवतालचं प्रवाळ मेलं, तेव्हापासून समुद्रात घरचा आवाज राहिलाच नव्हता. बाहेर वाहून गेलेली माशांची पिल्लं तो ऐकूनच आतल्या शांत पाण्यात परततात. म्हणून हेमांगी तांडेलनं जिवंत प्रवाळाची जुनी कुरकुर पाण्यातल्या कर्ण्यावर लावून ठेवली होती. यंदा पिल्लं भरकटली, तर इथं मासाच उरणार नव्हता.

‘कर्ण्याला माईक जोडून दे,’ हेमांगी म्हणाली.

ध्वनिमुद्रण करताना त्यात तिचाही एक ओरडा शिरला होता. काढायचा राहूनच गेला, आणि माशांच्या कितीतरी पिढ्या अंड्यात असल्यापासून तो ऐकत आल्या.

‘बाबल्या, मेल्या, इंजिन बंद कर!’

बाबल्या दचकला. इंजिन तर बंदच होतं.

ती ओरडत राहिली. घसा बसला, तेव्हा कुठं प्रवाळाच्या खिंडीत पाणी चंदेरी होऊन सळसळलं. पिल्लं झुंडीनं आत येत होती.

‘बघ,’ हेमांगी म्हणाली. ‘त्या दिवशी तू ऐकलं नव्हतंस. ह्यांनी ऐकलं.’