कोपऱ्यातलं नाव

“या सारसाचं नख जाड झालंय,” रोगणात कोरलेल्या खाचेवरून बोट फिरवत शाव म्हातारा सुनेच्या कानाशी कुरकुरला.

“बरं, मामंजी,” यीलान म्हणाली.

एका बड्या घरच्या मालकिणीच्या सत्तरीसाठी केलेला बारा पटांचा घडीचा पडदा न्यायला त्या घरचा कारभारी आला आणि बघतच राहिला. “शावकाका, अख्ख्या यांगचौ शहरात असा दुसरा हात नाही. आता माझ्यासमोर कोपऱ्यात तुमचं नाव कोरा.”

कारखान्यात कुणी मान वर करेना.

म्हाताऱ्यानं चाचपत सुनेचा हात शोधला आणि छिन्नी तिच्या मुठीत दिली. “तुझं नाव कोर, पोरी. कारभारी, तीन वर्षं झाली, मला दिसत नाही. बाराही पट हिचे आहेत, आणि डोळे होते तेव्हाही मला असं जमलं नव्हतं.”