मौनातला फोन

पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. नेमकं तेव्हाच हे फोनची वायर आतल्या खोलीत नेतात आणि दार लावून घेतात. आधी नंबर फिरवल्याचा आवाज येतो, मग ह्यांची कुजबुज, "लाग ना, किती अंत पाहशील!"

आठवडाभर मी देवासमोर नुसते मणी ओढले. नाम काही मनात ठरेना. आज माळ खाली ठेवली, दार ढकललं आणि इतक्या वर्षांचं व्रत मोडलं.

"अहो, कोण आहे ती?"

हे कॉम्प्युटरसमोर एकटेच होते. "अगं, ती कुठली? इंटरनेटचा मोडेम आहे हा! कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी सिस्टिम टाकलीय, तिच्यावरून हा नंबर फिरवतो, पण जोडला जात नाही. रोज सेटिंग बदलून बघतोय."

"मग माझ्याच मौनात का?"

"तुझं मौन सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा कोणाचा फोन येत नाही, लाइन मोकळी मिळते."

माझी मान खाली गेली. तेवढ्यात मोडेमचा डबा कर्कश किंचाळला आणि एकदम शांत झाला.

"लागलं!" हे टाळी वाजवून उठले. "आता सगळं जग आपल्या घरात!"

मी दारातच थांबले. "सगळं? म्हणजे त्यात बायकाही असतील ना?"