ताईने सगळं सांगितलं

चौकशीत ताई एवढंच म्हणाली होती, "मला काही आठवत नाही." तिची नर्सची नोकरी टिकली. पण मोठे डॉक्टर चुकीचं इंजेक्शन देत असताना तिने पाहिलं होतं, आणि गेला तो तिच्याच धाकट्या बहिणीचा नवरा.

सहा महिन्यांनी तिला राहवेना. एका दुपारी बहिणीसमोर बसून तिने सगळं सांगून टाकलं. बाटली कुठली होती, कुणी दम दिला, आपण कशा घाबरलो. सांगता सांगता तिच्या घशाला कोरड पडली.

बहीण त्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती. "ताई, आल्यापासून गप्पच आहेस. बोल ना काहीतरी."

ताई जिवाच्या आकांताने ओरडली, "मी पाहिलं होतं गं!"

आतल्या खोलीत बाळ दचकून रडू लागलं.

"हे कशाने दचकलं गं?" बहीण उठत म्हणाली. "इथे तर कुणी चकार शब्द काढला नाही."