नायकाची बदली

शंतनूच्या सिनेमाचा नायक होता त्याचा वर्गमित्र साजिद. अर्धं शूटिंग झालं आणि बँकेनं साजिदची बदली थेट गडचिरोलीला केली.

"आता रे?" कॅमेरा सांभाळणाऱ्या मीनलनं विचारलं.

"मारून टाकू त्याला," शंतनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साजिद विहिरीकाठी चक्कर येऊन मेला आणि संध्याकाळच्या एसटीनं नोकरीवर रुजू व्हायला गेला. उरलेल्या सिनेमात बाकीचे मित्र नुसते विहिरीकडे बघत बसले.

महोत्सवात परीक्षक भारावले. "नायकाला मध्यावरच मारायचं धाडस कसं केलंत?"

"दोन वर्षं त्या मृत्यूसोबत जगत होतो," शंतनू म्हणाला.

आता हा आपल्याकडे बघून डोळा मारणार, म्हणून पहिल्या रांगेत मीनल हसू दाबून बसली.

शंतनूनं डोळे पुसले. ते खरंच ओले होते.