गोचीड

तुळजाबाईनं नातीचं डोकं मांडीवर दाबलं, कान उन्हाकडं केला आणि कमरेला खोचलेला चिमटा हातात घेतला. "गोचीड हाय. पार आत घुसलीय."

उमापूरच्या रस्त्यावरची ती चारा छावणी. दावणी सोसायटीच्या, कडबा सरकारचा, फलकावर फोटो चेअरमन अर्जुनरावांचा, आणि गोचिडी सगळ्यांच्या सामायिक. तुळजाबाईच्या चिमट्यातून आजवर एकही सुटली नव्हती.

टँकरपाशी उभ्या असलेल्या अंजनानं, तिच्या सुनेनं, ते पाहिलं आणि हातातली भरली कळशी सोडून ती पळत सुटली. सांडलेल्या पाण्याकडं तिनं वळूनही पाहिलं नाही, यावरून काय ते समजावं.

ही नात, मनकर्णा, जन्मली ती फाटलेल्या टाळूची. पाचव्या वर्षी टाळू शिवायचं ठरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, अशा लेकरांच्या कानात पडद्यामागं पाणी साचतं, म्हणून नीट ऐकू येत नाही. त्याच वेळी पडद्यात बारीक नळी बसवून घेऊ. तुळजाबाई हसली होती. "आमच्या हिरीत टिपूस न्हाई, आन् हिच्या कानात पानी व्हय? टाळू शिवा. कानाला हात लावायचा न्हाई." अंजनानं मान डोलावली, आणि सासूची पाठ वळताच सही केली. पोर दवाखान्यातून कालच परतली होती.

चिमटा कानाच्या तोंडाशी आला.

"आत्याबाई, गोचीड न्हाई ती," अंजनाला धाप लागली होती. "नळी हाय. मीच बसवून घेतलीय."

हात थांबला. पोर मांडीवरून सुटली आणि पाठ करून कडब्यात खेळायला बसली. शेजारच्या दावणीवरच्या साखराबाईनं शेण भरायचं थांबवलं.

"मला न इचारता?" तुळजाबाईचा आवाज खाली गेला. तो खाली गेला की घरातले गडीसुद्धा बाहेरची वाट धरत. अंजना जागची हलली नाही.

मग नातीच्या पाठीकडं बघत तुळजाबाई रोजच्या सवयीनं पुटपुटली, "बहिरं ते बहिरंच. कोन करून घेनार हिला?" हे ती पोरीदेखतच म्हणायची. पोरीला कुठं ऐकू जात होतं.

मनकर्णानं वळून पाहिलं. "आजी," ती नाकातून म्हणाली, "कोन बहिरं?"

तुळजाबाईनं चिमटा कमरेला खोचला. मग तोंडावर पदर धरून, पोरीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, तिनं सुनेला विचारलं, "दुसऱ्या कानात बी बसवली नव्हं?"