रविवार, आठ वाजून पाच मिनिटं

साहेबांवर छाप पडावी म्हणून कारकुनानं शक्कल लढवली. अहवाल शुक्रवारीच उरकायचा आणि तो रविवारी सकाळी आठला आपोआप जाईल, असं कॉम्प्युटरवर लावून ठेवायचं. पण आठ वाजून पाच मिनिटांनी साहेबांचं उत्तर हजर: "शाब्बास! दुपारपर्यंत पुढचा तक्ताही पाठवा." वर्षभर एकही रविवार सुटला नाही. लेक सायकल घेऊन दारात ताटकळायची.

तिचा वाढदिवस रविवारी आला, तेव्हा मात्र त्यानं सुटी मागायला धीर करून साहेबांना फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोनं. साहेबांचं उत्तर आत्ताच आलंय, असं त्यानं सांगितलं.

"ते नातीला घेऊन पोहायला गेलेत. रविवारची उत्तरं कॉम्प्युटरच पाठवतो की! यांनी वर्षभराची एकदम लावून ठेवलीत."

लेकीनं सायकलची घंटी वाजवली. "निघायचं, बाबा?"

"हो, हो," तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "एवढा तक्ता पाठवतो, की निघालोच."